शिअरला कर्तन ठीक, पण थर 'लवतो' म्हणा

बेळगावात एमएस्सी करणाऱ्या एका मुलीनं विचारलंय, पृष्ठभागाला एका टोकानं चिकटलेल्या पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, थरावरनं द्रव वाहत गेला की थराचं जे होतं त्याला मराठीत काय म्हणायचं, तिनं इंग्रजीतल्या 'शिअर'साठी 'कर्तन' लिहिलं तर सरांनी विचारलं, यात कापलं काय जातंय?

कर्तन चुकलं नाही. कात्री, कातरणं त्याच घरातले शब्द आणि इंग्रजीतल्या शिअरचा मूळ अर्थही कातरणंच. कात्रीची दोन पाती एकमेकांवरनं उलट सरकतात तसा वाहत्या द्रवाचा थरावरचा जोर, म्हणून ते नाव. पण हे जोराचं नाव झालं, थर काय करतो ते यात येत नाही.

त्यासाठी आपल्याकडं 'लवणं' आहे. खानापूरकडं आमचं भात आहे, वडील म्हणायचे वारं आलं की भात लवतंय, पाऊस लागला की लोळतंय. लवलेलं परत उभं राहतं, लोळलेलं नाही, 'लवचीक' त्यातनंच आलंय. आणि बांधावर बसून नीट बघा, दाट भातात वारं आत शिरतच नाही, लोंब्या तेवढ्या झुकतात, बुडातलं पाणी हलत नाही. पॉलिमरच्या दाट थरात अगदी हेच होतं, साखळ्या दाटीमुळं आणि द्रावकात फुगून उभ्या राहिलेल्या असतात, वरचा प्रवाह थोडाच आत पोचतो, आधी शेंडे लवतात, जोर फारच वाढला तर मग अख्खी साखळी कलते.

असे दोन थर समोरासमोर दाबले तरी शेंडे एकमेकांत फारसे गुंतत नाहीत, म्हणून घसरणं सोपं जातं. जेकब क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये टोल्युईन नावाच्या द्रावकात, अभ्रकावर पॉलिस्टायरीनचे असे थर लावून मोजलं तर घर्षणांक ०.००१ च्याही खाली निघाला, म्हणजे त्यांच्या यंत्राला मोजताच येईना!

थरालाच नाव हवं असेल तर 'लव' घ्या, मखमलीची लव म्हणतो ती. हात फिरवला की एका बाजूला झुकते आणि रंग बदलल्यासारखा वाटतो. ही लव 'लोम'वरनं आलीय, लवणं वेगळं, पण दोन्ही इथं शेजारी बसतात हे मला फार आवडतं. इंग्रजीत अशा थराला 'ब्रश' म्हणतात, तेच लिहिलं तरी कुणाची हरकत नसावी.

'वाकतो' मात्र नको, वाकलेला खिळा वाकलेलाच राहतो. आणि साखळी पृष्ठभागापासनं सुटलीच तर सरळ 'उपटली' लिहायचं, तिथं लवणं चालत नाही.