जेवणानंतर छातीत जळजळ: तिखटाआधी जेवणाची वेळ तपासा

तिखट सोडूनही रात्री जळजळ थांबत नाही, असे आपण लिहिले आहे. मला त्याचे नवल वाटत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला झडपेसारखा स्नायू सैल पडला की आम्ल वर येते, आणि भरल्या पोटी आडवे झाल्यास ते अधिकच सहज येते.

माझे वडील बेस्टमध्ये वाहक होते. दुसरी पाळी संपवून लालबागच्या खोलीत पोहोचायला त्यांना साडेअकरा वाजत. मग पोटभर जेवण आणि लगेच अंथरूण. मध्यरात्री घशाशी आंबट आले की ते भिंतीला टेकून बसून राहत. माझी आत्या मात्र दर गणपतीत सगळ्यांदेखत सांगे की, वहिनीच्या मालवणी मसाल्याने माझ्या भावाचे पोट जाळले. आईने मसाला कमी केला, पुढे बंदच केला, आम्ही मुलेही फिके जेवू लागलो, तरी जळजळ होती तशीच राहिली. अखेर एका डॉक्टरांनी ‘काय खाता’ याऐवजी ‘किती वाजता खाता’ असे विचारले. तेव्हापासून वडील डबा नेऊन पाळीच्या मधल्या सुट्टीत जेवू लागले. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली आम्ही विटा लावल्या, कारण नुसत्या उशा वाढवल्याने मान वाकते आणि पोटावर दाब येतो. आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी ते जळजळ झाल्यावर घेत. ती सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, हेही तेव्हाच कळले.

आपणही जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा, तंबाखू असेल तर सोडा. थंड दुधाचा आराम तात्पुरता असतो. काहींना तिखट खरोखरच बाधते, त्यांनी ते टाळावे. घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असल्यास त्वरित डॉक्टरांकडे जा. छातीत दाब येऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर ते पित्त समजून घरी थांबू नका.

औषधानेच गुण आला, असे आत्या अजूनही म्हणते. ती गोळी डॉक्टरांनी केव्हाच बंद केली. निवृत्त झालेले वडील आज तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले जेवतात, फक्त रात्री आठच्या आत.