इमॅजिकाला सहा जण, पण तिकिटं चारच

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकहून सहा जण निघणार. तुम्ही दोघं, 11 वर्षांची मुलगी, 5 वर्षांचा मुलगा, 68 वर्षांच्या सासूबाई आणि 76 वर्षांचे सासरे. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क करायचंय आणि खर्च हाताबाहेर जायला नको. आम्ही चार वेळा जाऊन आलोय, त्यातलं दोनदा घरच्या मोठ्या माणसांना घेऊन, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, सहा तिकिटं काढू नका. ज्येष्ठांचं तिकीट कमी असलं तरी आजी-आजोबा आत जाऊन करणार काय? बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळणार. पहिल्या वेळी आम्ही हेच केलं. संध्याकाळी सासूबाईंचे पाय सुजले होते आणि त्यांनी एकही राइड घेतली नव्हती. दुसऱ्या वेळी त्यांना सोबतीला नणंद देऊन पालीला पाठवलं. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावरच आहे, त्याच रस्त्याने एसटी पुढे पालीला जाते. बल्लाळेश्वराचं दर्शन, मागे सरसगड, आणि जवळच उन्हेऱ्याची गरम पाण्याची कुंडं. त्या पाण्यात गुडघे शेकून आलेल्या सासूबाई दोन दिवस त्याबद्दलच बोलत होत्या. एसटीत 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून तिकीट नाही आणि महिलांना 2023 पासून अर्धं आहे. म्हणजे तुमच्या सासू-सासऱ्यांचा पालीचा प्रवास एका अर्ध्या तिकिटात होतो. सासऱ्यांचं आधार कार्ड मात्र विसरू नका. दोघांनाच पाठवणं जिवावर येत असेल तर एका दिवसापुरती ओळखीची रिक्षा ठरवा, तरीही दोन प्रवेश तिकिटांपेक्षा स्वस्त पडेल.

आता मुलं. आज रात्रीच दोघांना भिंतीला टेकवून उभं करा आणि टेपने मोजा, चपला काढून. लहान मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं आणि प्रत्येक राइडलाही उंचीची अट असते. आमची धाकटी एका पार्कात तासभर रांगेत उभी राहिली. शेवटी तिला उंचीच्या पट्टीपाशी नेलं तर दोन बोटं कमी. तिने हळूच टाचा वर केल्या. तिथल्या मुलाने मान हलवली आणि ती जी रडायला लागली, तो पुढचा अख्खा तास गेला. चूक आमची होती, मोजून जायला हवं होतं. तुमचा 5 वर्षांचा मुलगा नायट्रोसारख्या मोठ्या राइडला बसणार नाही, हे त्याला घरीच सांगून ठेवा आणि टबी, वॅगन, कॅरोसेल ही ‘त्याची’ म्हणून ठरवून द्या. ‘आय फॉर इंडिया’ मात्र त्याच्या उंचीत बसत असेल तर आवर्जून घ्या. भारतावरून उडत गेल्यासारखं वाटतं, माझ्या सासऱ्यांना पहिल्या खेपेला तेवढंच आवडलं असतं असं मला नंतर वाटलं.

दिवस कुठला? दिवाळीचे चार दिवस आणि शनिवार-रविवार सोडा. भाऊबीज झाली की नोकरदार कामावर परततात, शाळा अजून बंद असतात. त्यातला मंगळवार किंवा बुधवार धरा. जमलं तर सुट्टी संपल्यावर एक दिवस शाळा बुडवा. मी स्वतः शिक्षिका आहे, तरी सांगते. गर्दीच्या दिवशी सहा राइड होतात, मोकळ्या दिवशी बारा, आणि रांग टाळायचं वेगळं महागडं तिकीट घ्यायचा मोहही होत नाही. तिकीट ऑनलाइनच काढा आणि त्यांच्या साइटवरच्या सवलती आधी बघा. वॉटर पार्क यावेळी नको, एका दिवसात दोन्ही उरकायला गेलात तर दोन्हीचे पैसे अर्धे वाया.

नाशिकहून त्याच दिवशी निघून दार उघडायच्या वेळेला पोचणं अवघड आहे. आदल्या दिवशी कल्याणपर्यंत गाडी, तिथून खोपोली लोकल. थेट लोकल मोजक्याच आहेत, वेळ बघून ठेवा, नाहीतर कर्जतला बदलावी लागते. दुपारी महडचा वरदविनायक करा आणि खोपोलीत साध्या लॉजवर मुक्काम. रिसॉर्ट घेऊ नका, झोपायलाच तर लागतंय.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं वगळता. म्हणून सकाळी पोटभर खाऊन जा. आम्ही धपाटे आणि दही नेतो, लॉजवरच खातो. दुपारी आत एकदाच जेवा, तेही साडेबाराच्या आत, नंतर तिथे रांग लागते. रिकामी बाटली सोबत ठेवा. राजासॉरस आणि स्प्लॅश अहॉय या राइडमध्ये भिजायला होतं, तेव्हा मुलांचे रेनकोट आणि एकेक जोड कपडे घरूनच न्या.

बाहेर पडताना खेळण्यांचं दुकान लागतं, सगळं बजेट तिथे ढासळतं. आम्ही सकाळीच प्रत्येक मुलाच्या हातात दोनशे रुपयांचं पाकीट देतो, नाव लिहून. मोठीने गेल्या वेळी दिवसभर ते खिशात चाचपलं आणि शेवटी न उघडता घरी आणलं.

मुलांची उंची मोजलीत की इथे लिहा, कुठल्या राइड आधी घ्यायच्या तो क्रम मी सांगते.