सिनेमा जागतिक झाला तो ओटीटीमुळेच ना? गोव्यासारख्या लहान प्रदेशाला त्यातून काय मिळालं?

ओटीटी यायच्या कितीतरी आधीपासून सिनेमा देशोदेशी फिरतोय. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ ला, आणि ७ जुलै १८९६ ला त्यांची चित्रं मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. मूकपटाच्या मधल्या पाट्या बदलल्या की तो कुठेही चाले. बोलपट आल्यावर भाषा आडवी आली. तरीही प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण भाषेपेक्षा मोठी अडचण होती पेटीची. माझे मामा फोंड्याला एका थिएटरात ऑपरेटर होते. सुट्टी पडली की मी त्यांच्या केबिनमध्ये. प्रिंट पत्र्याच्या पेट्यांतून बसने यायची. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला जवळजवळ ११ हजार फूट. रीळ संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात, वर, क्षणभर एक ठिपका चमके. मामा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करून डोळे तिथेच लावून उभे राहायचे. काही सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की हे मशीन झाकून दुसऱ्याचा प्रकाश सोडायचे. खाली बसलेल्यांना पत्ताही लागत नसे. प्रिंट काढणं महाग, म्हणून थोड्याच निघत, आणि मोठ्या शहरांत झिजून, ओरखडे पडून मग आमच्याकडे येत.

आता चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो, तो उघडणारी, ठरावीक तारखांपुरती चालणारी डिजिटल किल्ली सोबत. प्रिंटचा खर्च वाचला, एकाच शुक्रवारी जगभर प्रदर्शन करता येतं. पण याच सोयीमुळे मोठा चित्रपट एका दिवसात सगळे पडदे व्यापतो आणि मराठी-कोकणीला दुपारचा आडवेळचा शो उरतो. हे मला फार लागतं.

गोव्याला मिळाली ती माणसं भेटायची जागा. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो, २००७ पासून त्याला जोडून फिल्म बाजार, म्हणजे चित्रपटांच्या व्यवहाराचा मेळावा. परदेशी महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारी मंडळी इथेच भेटतात. २००९ मध्ये लक्ष्मीकांत शेटगांवकरांच्या ‘पलतडचो मुनिस’ या कोकणी चित्रपटाला टोरांटोत समीक्षकांचं फिप्रेस्की पारितोषिक मिळालं.

तुम्ही मराठीत लघुपट करताय असं प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून माझ्या कामातलं सांगतो. मी सबटायटल लिहितो. एका लघुपटात आजी नातवाला विचारते, ‘माटोळीचं सामान आणलंस?’ ओळ पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला बांधायची कवंडळं, कांगलां ही रानफळं, बेड्यांचे म्हणजे सुपाऱ्यांचे घोस एवढ्या वेळात सांगणार कसे? नुसतं ‘फळं’ लिहिलं तर बाजारातली केळी डोळ्यांसमोर येतात. शेवटी मी ‘माटोळी’ हा शब्द तसाच ठेवला. पुढच्याच दृश्यात पोरगा रानातून पिशवी भरून आणतो आणि आजी एकेक फळ सुंभाने वर बांधते. बघणाऱ्याला तिथे आपोआप कळतं.

असा निर्णय घ्यायला दोन्ही भाषा आणि ते घर माहीत असलेलं माणूस लागतं. त्याचे पैसे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवा, आणि एडिट पक्कं व्हायच्या आधी त्याला चित्रपट दाखवा.