सल्ला बदलला, तर कारणही सांगा

प्रश्न : मी विद्यापीठात शिकवते. महासाथीच्या काळात आमचे विद्यार्थी दिवसभर मोबाइलवर बातम्या वाचत. तरीही ‘लस 95 टक्के प्रभावी, म्हणजे ती घेतलेल्या शंभरांपैकी पाच जण आजारी पडणारच’ असे ठामपणे सांगत. सल्ले बदलत गेल्याने त्यांचा विश्वासही उडाला. पुन्हा अशी वेळ आली, तर त्यांच्याशी कसे बोलावे?

उत्तर : आरोग्य साक्षरता म्हणजे माहिती शोधणे, समजून घेणे, पारखणे आणि ती वापरून निर्णय घेणे. शोधण्यात तरुण तरबेज असतात. अडते ते पारखण्यापाशी, आणि तिथे विज्ञान शाखेची मुलेही चुकतात.

आपण दिलेलेच उदाहरण पाहू. फायझरच्या लसीच्या 2020मधील मोठ्या चाचणीत ज्या दोन गटांची तुलना झाली, त्या प्रत्येकात सुमारे 18,000 लोक होते. त्यांपैकी खरी लस घेतलेल्यांत 8 जणांना, तर लसीऐवजी मिठाचे पाणी टोचलेल्यांत 162 जणांना कोविडची लागण झाल्याचे आढळले. ‘95 टक्के’ हा आकडा या दोन संख्यांच्या तुलनेतून येतो. लस घेतलेल्यांपैकी किती जण आजारी पडतील, हे तो सांगत नाही. वर्गात हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर गैरसमज तिथेच दूर होतो. म्हणून विद्यापीठाच्या सूचनेतही नुसती टक्केवारी देऊ नये. किती जणांमागे किती, हे सोबत लिहावे.

सल्ला बदलल्याने अविश्वास वाढतो, हे खरे; पण माझ्या मते खरे नुकसान कारण न सांगता तो बदलल्याने होते. सर्वसामान्य निरोगी लोकांनी मास्क वापरण्याबाबत जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीला अनुकूल नव्हती. 5 जून 2020 रोजी तिने, संसर्ग पसरलेला असेल आणि अंतर राखणे कठीण असेल अशा ठिकाणी, लोकांना कापडी मास्क वापरण्यास प्रोत्साहन द्यावे, असे सरकारांना सुचवले. असा बदल कळवताना आधी काय सांगितले होते, आता काय सांगत आहोत आणि मधल्या काळात नवे काय कळले, या तिन्ही गोष्टी एकाच सूचनेत याव्यात. जे अद्याप ठाऊक नाही, तेही पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने सांगावे.

आणखी एक सुचवतो. सूचना काढण्यापूर्वी तिचा मसुदा वसतिगृहातील दोन-चार विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा आणि ‘यावरून आज तुम्ही नेमके काय कराल?’ एवढेच विचारावे. त्यांची उत्तरे वेगवेगळी आली, तर मसुदा पुन्हा लिहावा.