अकरा आठवडे तेव्हा पुरले, मग आता वर्षं का लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांनी सी किंग हेलिकॉप्टरवर टेहळणी रडार ११ आठवड्यांत बसवून दाखवलं. मग आज जुन्या हेलिकॉप्टरवर नवं रडार किंवा कॅमेरा चढवायला वर्षानुवर्षं का जातात? आणि खाली एकांनी विचारलंय की ड्रोन आल्यावर एवढा खटाटोप करायचाच कशाला. माझी नोकरी हेलिकॉप्टरचं वायरिंग आणि रडार यांतच गेली, त्यामुळे या विषयावर मनापासून आणि जरा सविस्तर लिहितो.

११ आठवड्यांची गोष्ट खरी आहे. पण ती पुरती कळायची तर आधी गरज काय होती ते बघा. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या सुपर एतांदार विमानाने सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र 'एचएमएस शेफील्ड'वर आदळलं आणि २० नौसैनिक गेले. विमानं समुद्राला चिकटून आली होती. जहाजाच्या रडारला ती वेळेत दिसणं अवघड होतं, कारण पृथ्वी गोल आहे. हिशेब सोपा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा; रडारचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. लक्ष्याच्या उंचीचंही तसंच काढून त्यात मिळवा. जहाजाचा अँटेना २५ मीटरवर आणि क्षेपणास्त्र पाण्यावरून ३ मीटरवर असेल, तर ते जेमतेम २८ किलोमीटरवर आल्यावर क्षितिजाच्या वर येतं. सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास वेग धरला तर हातात दीड मिनिट उरतं. तेच रडार हेलिकॉप्टरमधून ३,००० मीटरवर नेलं की क्षितिज २३० किलोमीटरच्या पुढे जातं. क्षेपणास्त्र एवढ्या लांबून दिसेलच असं नाही, पण ते घेऊन येणारं विमान दिसू शकतं, आणि खरी गरज तीच असते.

ब्रिटिश नौदलाकडे हे काम करणारी गॅनेट विमानं पूर्वी होती. जुनी विमानवाहू नौका 'आर्क रॉयल' १९७८ च्या अखेरीला कामातून गेली तशी तीही गेली. बाकी नौकांवरून तसं विमान उडणं शक्य नव्हतं. आपल्या 'विराट'चं मूळ नाव 'हर्मिस'. या युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची ध्वजनौका होती आणि तिच्यावरही हवेतून इशारा देणारं काहीही नव्हतं. मुंबईच्या बंदरात विराट पाहिलेल्या कित्येकांना हे माहीत नसतं.

शेफील्डनंतर घाईघाईने काम सुरू झालं. निमरॉड या मोठ्या गस्ती विमानावरचं सर्चवॉटर रडार उचललं आणि सी किंगच्या उजव्या बाजूला एका फिरत्या दांड्यावर बसवलं. अँटेनावरचं आवरण हवा भरून फुगवायचं. उड्डाणात दांडा खाली वळवून रडार पोटाखाली आणायचं, उतरताना पुन्हा मागे वर घ्यायचं, नाहीतर ते जमिनीला टेकलं असतं. जुलैच्या अखेरीस पहिलं उड्डाण झालं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला अशी दोन हेलिकॉप्टरं 'इलस्ट्रियस' या विमानवाहू नौकेवरून दक्षिणेला निघाली. तोवर युद्ध संपून दीड महिना झाला होता. अर्जेंटिनाची शरणागती १४ जूनची.

एवढ्या कमी वेळात ते जमलं याला कारणं आहेत. रडार नवं नव्हतं, निमरॉडवर ते रुळलेलं होतं. सी किंग मूळचं पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टर, म्हणजे मागे ऐसपैस केबिन आणि तिथे बसून पडदा वाचायला शिकलेला ऑब्झर्व्हर दोन्ही तयार. पाण्यात बुडवायचा सोनार (आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र) काढला की वजनही मोकळं होतं आणि जागाही. शिवाय युद्धकाळात जी जोखीम पत्करतात ती शांततेत कोणी पत्करत नाही, आणि पत्करूही नये. ते रडार मुळात समुद्राचा पृष्ठभाग आणि पाणबुडीचा पेरिस्कोप शोधायला बनवलेलं होतं. जमिनीवरून उडणाऱ्या लक्ष्यासाठी त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण जमिनीचा परावर्तित गोंगाट सगळं झाकून टाकायचा. ती उणीव खऱ्या अर्थाने भरून निघाली २००२ च्या सुमारास, सर्चवॉटर २००० हे डॉप्लर रडार (हलणारं लक्ष्य त्याच्या वेगावरून वेगळं ओळखणारं) आल्यावर. म्हणजे पहिली जोडणी ११ आठवड्यांत झाली आणि ती पूर्णपणे पिकायला २० वर्षं लागली. हा दुसरा आकडा कोणी सांगत नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढे हीच सी किंग अफगाणिस्तानात हेलमंदच्या वाळवंटात गाड्यांचा माग काढत होती. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नौदलाचं हेलिकॉप्टर!

आता याच कामाचा नंतरचा अवतार बघा. ब्रिटनची ही सी किंग २०१८ मध्ये निवृत्त झाली. तिच्या जागी मर्लिन हेलिकॉप्टरवर 'क्रोजनेस्ट' नावाची यंत्रणा बसवायची ठरली. मुख्य करार जानेवारी २०१७ चा. रडार त्याच सर्चवॉटर घराण्यातलं, हेलिकॉप्टर सेवेत रुळलेलं, देश तोच, अनुभव ३५ वर्षांचा. तरी २०२० मध्ये त्यांच्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने प्रकल्प १८ महिने मागे असल्याचं नोंदवलं. २०२१ मध्ये त्यांची विमानवाहू नौका 'क्वीन एलिझाबेथ' हिंदी महासागरात आली तेव्हा ती यंत्रणा सोबत होती, पण प्राथमिक कार्यक्षमता, म्हणजे कामाला लावण्याइतपत तयारी, जाहीर झाली जुलै २०२३ मध्ये. साडेसहा वर्षं.

एवढा वेळ यंत्र बनवण्यात जात नाही. तो जातो जोडणीत, आणि जोडणी म्हणजे चार बोल्ट आणि एक प्लग असा समज असेल तर तो आधी काढून टाका.

सगळ्यात आधी हादरे. सी किंगचं मुख्य पंखचक्र मिनिटाला दोनशेच्या वर फेरे घेतं आणि पाती पाच, म्हणजे सेकंदाला साधारण १७ धक्के, उडत असेपर्यंत न थांबता. नाकाखाली जो कॅमेऱ्याचा गोळा दिसतो त्याच्या आत जायरो आणि मोटरी हे धक्के मारून टाकण्याचं काम करत असतात. कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाने जरी थरथरला, तरी १० किलोमीटरवर चित्र पावणेदोन मीटर हलतं. होडीवर माणसं किती, हातात काय आहे, बाजूवर नंबर कुठला, यातलं काहीच वाचता येत नाही. गोळा कारखान्यातल्या चाचणीत उत्तम चालतो. तोच तुमच्या हेलिकॉप्टरच्या ज्या ब्रॅकेटवर बसवलात, त्या ब्रॅकेटची स्वतःची कंपनसंख्या या १७ च्या जवळ निघाली, तर सगळं मुसळ केरात. मग ब्रॅकेट बदला, परत उडवा, परत मोजा.

पुढे वजन आणि तोल. १५ इंचाचा चांगला गोळा ४०-५० किलोचा असतो, तोही बहुधा अगदी पुढे लागतो. गुरुत्वमध्य पुढे सरकला की वैमानिकाला हातातला नियंत्रणाचा दांडा मागे ओढण्यासाठी कमी वाव उरतो. मागे वजन टाकून तोल साधला की तेवढं इंधन किंवा तेवढी माणसं कमी. चेतकसारख्या लहान हेलिकॉप्टरचं कमाल वजनच २,२०० किलोच्या घरात, त्यात ही उधारी फार महाग पडते. वीज आणि थंडावा यांचंही तेच. जुन्या जनरेटरवर नवं रडार, नवा पडदा आणि नवा संगणक एकदम टाकले की एक जनरेटर गेल्यावर काय चालू ठेवायचं आणि काय आपोआप बंद करायचं, हे नव्याने ठरवावं लागतं. मे महिन्यात डांबरावर उभ्या हेलिकॉप्टरच्या केबिनमध्ये शिरून बघा, संगणकाच्या पेटीला हवा का लागते ते लगेच कळेल.

आणि मग येतो विद्युतचुंबकीय गोंधळ, ज्याला आम्ही सगळे ईएमआय म्हणतो. माझ्या मते निम्मा वेळ इथेच जातो. एक प्रसंग सांगतो. नवा कॅमेरा बसवलेल्या एका हेलिकॉप्टरवर पडद्यावर मधूनच आडव्या रेघा यायच्या. जमिनीवर सगळं ठीक, हवेत रेघा. कॅमेरा बदलून झाला, पडदा बदलून झाला. शेवटी एका ऑब्झर्व्हरच्या लक्षात आलं की जमिनीवरच्या तळाशी लांब पल्ल्याच्या रेडिओवर बोलणं चालू असतं तेव्हाच रेघा येतात. मग पूर्ण लूम, म्हणजे तारांचा जुडगा, उघडला. केबलवरच्या धातूच्या जाळीचं बाँडिंग, म्हणजे विजेची जोडणी, जिथे फ्रेमला मिळतं, त्या लगखाली (बोल्टने आवळायच्या धातूच्या टोकाखाली) रंग खरवडायचा राहून गेला होता. नखाएवढी जागा! ती घासून, रोध मोजून, बोल्ट परत आवळला आणि चित्र काचेसारखं स्वच्छ झालं. शोधायला लागलेला वेळ मात्र त्या नखाएवढ्या जागेच्या मानाने फार मोठा होता. आणि याला किरकोळ समजू नका. शेफील्डवर हल्ला झाला तेव्हा तिची उपग्रह संपर्कयंत्रणा चालू होती आणि शत्रूच्या रडारची चाहूल देणारं यंत्र तिच्यामुळे बाधित होत होतं. आपलंच एक यंत्र आपल्याच दुसऱ्या यंत्राला आंधळं करतं ते असं.

आपल्या किनाऱ्यावर यात खारी हवा आणि पावसाळा यांची भर पडते. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि दोष येतो-जातो, येतो-जातो. कायम बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणं त्यापेक्षा कितीतरी सोपं. म्हणून नव्या जोडणीचा एक तरी पावसाळा समुद्रावर गेल्याशिवाय मी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही. या सगळ्याला सेमिलॅक या सरकारी संस्थेची उड्डाणयोग्यतेची मंजुरी आणि डीजीएक्यूए या गुणवत्ता तपासणाऱ्या सरकारी खात्याची तपासणी लागते. लोक तिला लालफीत म्हणतात. मला ते पटत नाही. आत बसणाऱ्यांचा जीव त्या कागदांवर अवलंबून असतो.

आपल्याकडची चांगली उदाहरणंही सांगायला हवीत. गोव्यात 'हंसा' तळावर २००३ पासून कामोव्ह-३१ ही रशियन टेहळणी हेलिकॉप्टरं आहेत. पोटाखाली घडी घालून ठेवलेला ६ चौरस मीटरचा अँटेना हवेत उघडतो आणि गोल फिरतो, त्याला अडथळा नको म्हणून चाकंसुद्धा वर घेतली जातात. त्याच तळावर १९ एप्रिल २०२१ रोजी नौदलाची ३२३ वी स्क्वाड्रन सुरू झाली, एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या एएलएच मार्क ३ ('ध्रुव') हेलिकॉप्टरांची पहिली. नाकाखालच्या रडारला २७० अंशांची नजर आहे, जोडीला दिवसा-रात्री बघणारा कॅमेरा आणि मोठी मशीनगन. मागचे ९० अंश का नाहीत असं कोणी विचारेल, तर मागे हेलिकॉप्टरचं स्वतःचंच धड येतं. पोटाखाली अँटेना नेला तर पूर्ण गोल दिसतो, पण मग चाकांचा आणि जमिनीपासूनच्या अंतराचा प्रश्न उभा राहतो, जो ब्रिटिशांनी फिरत्या दांड्याने आणि रशियनांनी घडीच्या अँटेनाने सोडवला. फुकट काहीच मिळत नाही.

आता ज्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं ते: पडद्यासमोरचा माणूस. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर 'कुबेर' नावाच्या मासेमारी बोटीतून आले होते, पकडलेल्या आपल्याच बोटीतून. असं रडार त्या दिवशी डोक्यावर असतं तर त्याने कुबेरचा ठिपका नक्की दाखवला असता, आणि त्याच्यासारखे शेकडो ठिपकेही. मासेमारीच्या मोसमात डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही बघा, पडदा भरून जातो. एआयएसची (स्वतःची ओळख आणि जागा रेडिओवरून सांगणाऱ्या यंत्राची) सक्ती २० मीटरपेक्षा लांब बोटींना, त्यामुळे लहान होड्या स्वतःची ओळख सांगत नाहीत. लाकूड आणि फायबरवरून परतणारा प्रतिध्वनी क्षीण, त्यात लाटांचा गोंगाट. मोठ्या जहाजाचं डोलणं वापरून रडार त्याची बाह्याकृती काढू शकतं. लहान होडीसाठी शेवटी कॅमेराच वळवावा लागतो. आता कुठल्या ठिपक्यावर वळवायचा? ज्याने त्या पट्ट्यावर पुष्कळ तास काढलेत, त्याला माहीत असतं की जाळं टाकलेली बोट कशी सरकते आणि घाईत असलेली कशी. तो ऑब्झर्व्हर तयार करायला यंत्र बसवण्याइतकाच वेळ लागतो. रडार आणि कॅमेरा एकमेकांशी बोलत असतील, म्हणजे ठिपक्यावर बोट ठेवलं की गोळा आपोआप तिकडे वळत असेल, तर त्याचं काम खूप हलकं होतं. माझ्यापुढे दोन प्रस्ताव ठेवलेत, एकात जास्त पल्ल्याचं रडार आणि दुसऱ्यात साधं रडार पण कॅमेऱ्याशी नीट जोडलेलं, तर मी डोळे मिटून दुसरा घेईन.

मग नवं हेलिकॉप्टरच घ्यावं का? जिथे सांगाडा थकलाय तिथे होय. एमएच-६० आर हे अमेरिकी हेलिकॉप्टर आपण असंच घेतलं: २०२० चा करार, २४ हेलिकॉप्टरं, पहिली स्क्वाड्रन मार्च २०२४ मध्ये कोचीला. रडार, सोनार, कॅमेरा सगळं एकाच संगणकाभोवती मुळापासून रचलेलं. पण ज्या सांगाड्यात अजून पंधरा वर्षं शिल्लक आहेत, त्यावर नवे डोळे बसवणं हा पैशाचा उत्तम विनियोग आहे, फक्त सुटे भाग कुठून येणार हे आधी ठरवा.

ड्रोनचं विचाराल तर सीगार्डियन २०२० पासून आपल्याकडे भाड्याने आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ चा करार झाला, त्यातली १५ नौदलाची. दिवसभर एकाच पट्ट्यावर लक्ष ठेवायला ड्रोनसारखं दुसरं काही नाही आणि ते काम त्यांनाच द्यावं. पण बोट संशयास्पद वाटली तर तिच्यावर कमांडो उतरवायला, बुडणाऱ्या खलाशाला उचलायला, छोट्या युद्धनौकेच्या डेकवरून उडून पुन्हा तिथेच उतरायला आज तरी हेलिकॉप्टरच लागतं. ब्रिटिशांनी क्रोजनेस्ट २०२९ च्या अखेरीस काढायचं ठरवलंय आणि त्या जागी मानवरहित काही आणता येईल का हे ते तपासताहेत. आपल्या पुढच्या विमानवाहू नौकेसाठी कामोव्ह-३१ नंतर काय, हा प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागेल, आणि वरच्या साडेसहा वर्षांचा हिशेब धरला तर त्याची सुरुवात आत्ताच व्हायला हवी.