युद्धात बेपत्ता झालेल्या, बॉडीही न मिळालेल्या सैनिकाची आठवण घरचे कशी ठेवतात?

मी बीड जिल्ह्यातला, आमच्या भावकीत असं एक घर आहे म्हणून सांगतो. चुलत आजोबा 1962 च्या चीन युद्धात नेफात (म्हणजे आताच्या अरुणाचलात) होते, तिथून बेपत्ता झाल्याची तार आली आणि पुढं काहीच नाही.

आमच्याकडं पहिली अडचण तिथीची, पित्र घालायचं तर कोणत्या दिवशी? तशी सोय आहे, शस्त्रानं गेलेल्याचं भाद्रपद वद्य चतुर्दशीला आणि तिथीच माहीत नसंल तर सर्वपित्री अमावस्येला. बॉडी नसंल तर पळसाच्या पानांचा नाहीतर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, पालाशविधी म्हणतात त्याला. पण हे सगळं माणूस गेला असं घरानं धरल्यावर ना! आजीनं धरलंच नाही. कुंकू लावत राहिली, भावकीतल्या म्हाताऱ्यांनी पुतळ्याचा विषय काढला की उठून आत जायची. पेन्शनच्या कागदावर मात्र अंगठा दिला (सात वर्षं काहीच खबर नसंल तर कायद्यानं मयत धरता येतं) आणि त्यावरून लोक टोमणे मारायचे. मला त्यात काही वावगं वाटत नाही, कागद वेगळा अन् कपाळ वेगळं.

आणि वाट बघणं म्हणजे येडेपणा असंही नाही. लान्स नायक चंद्रशेखर हरबोला, 19 कुमाऊं, 1984 ला सियाचीनमध्ये हिमस्खलनात गेले, थेट ऑगस्ट 2022 मध्ये एका जुन्या बंकरमध्ये त्यांचे अवशेष सापडले, ओळख पटली ती आर्मी नंबर कोरलेल्या बिल्ल्यावरून. 38 वर्षांनी घरच्यांना अग्नी देता आला. म्हणून अशा घरी जाऊन "आता उरकून टाका" म्हणू नका, ते त्यांचं ते ठरवतील. आजी गेली तेव्हा मुलानं दोघांचंही सोबतच केलं, आता दर सर्वपित्रीला घास पडतो.

राहिलं नावाचं. फ्रान्समध्ये नव-शापेलच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या, कबरीचा पत्ता नसलेल्या 4,700 हून जास्त भारतीय सैनिकांची नावं कोरलेली आहेत, परक्या मुलखात. आमच्या गावात शाळेपुढं स्तंभ आहे त्यावर आजोबांचं नाव नाही, का तर शहीद म्हणून कागद नाही. मारुतीच्या पारावरच्या वीरगळाला (लढाईत पडलेल्या वीराच्या जुन्या कोरीव दगडाला) कुणी कागद मागत नाही, कुणाचा आहे तेही ठाऊक नाही, तरी शनिवारी तेल पडतंच. ग्रामसभेत अर्ज दिलाय, म्हणतात स्तंभावर जागा नाही. मागची बाजू अख्खी कोरी आहे की.