ऑर्डरी २३, पिक्सेल म्हणतो ४१

प्रश्न: नमस्कार ताई, मी आणि माझ्या जाऊबाई घरून गोडा मसाला, मेतकूट, भाजणी करून विकतो. स्वतःची वेबसाईट आहे, फेसबुक-इन्स्टावर जाहिरात चालू असते. मागच्या आठवड्यात अॅड्स मॅनेजरला (फेसबुकचं जाहिरातींचा हिशोब दाखवणारं पान) ४१ पर्चेस, म्हणजे खरेद्या, दिसले आणि आमच्या वहीत सगळ्या मिळून ऑर्डरी फक्त २३. जाऊबाई म्हणतात सगळी बनवाबनवी आहे, जाहिरात बंद कर. करू का?
– मसालेवाली, सातारा

उत्तर: जाऊबाईंना म्हणावं जरा दम धरा. वही काढून बसलात हे एकदम बेस्ट केलंत, नाहीतर लोक स्क्रीनवरचा आकडा बघूनच खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी बजेट डबल करून मोकळे. आता बघा, २३ दुणे ४६ आणि तुमचा आकडा ४१, मला इथेच वास आला. बऱ्याचशा ऑर्डरी दोनदा मोजल्या जातायत आणि ज्या राहिल्या त्या बहुतेक जाहिरात न बघता थेट आलेल्या गिऱ्हाइकांच्या असणार. खात्री करायला इव्हेंट्स मॅनेजर उघडा, तिथे पिक्सेलला (साईटवर बसवलेला फेसबुकचा मोजणारा कोड) आलेले एकूण पर्चेस दिसतात, मग गिऱ्हाईक जाहिरातीतून येवो नाहीतर शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून येवो. अॅड्स मॅनेजर त्यातले फक्त जाहिरातीच्या नावावर पडलेले दाखवतो. एकूण आकडाच वहीपेक्षा जास्त निघाला की समजायचं गडबड मोजण्यात आहे.

मग स्वतःच एक ऑर्डर टाका, शंभर ग्रॅम मेतकुटाची का असेना, आणि टाकताना इव्हेंट्स मॅनेजरमधला टेस्ट इव्हेंट्स टॅब उघडा ठेवा. पर्चेस दोनदा आला आणि दोन्हीपुढे ब्राउझर लिहिलंय? म्हणजे पिक्सेल दोनदा बसलाय. हे फारच कॉमन आहे, आधी कुणीतरी थीमच्या कोडमध्ये चिकटवलेला असतो, नंतर कुणीतरी प्लगइन टाकतं आणि पहिला काढायचा राहून जातो. एक काढा, कुठलाही. पण एक ब्राउझरचा आणि एक सर्व्हरचा आला तर ते मुद्दाम तसंच असतं, कन्व्हर्जन्स एपीआय म्हणतात त्याला, तीच ऑर्डर दोन वाटांनी कळवायची म्हणजे एक वाट बंद पडली तरी दुसरी आहे. फक्त दोन्हीकडे इव्हेंटचं (कळवलेल्या घटनेचं, इथे पर्चेस) नाव आणि इव्हेंट आयडी सेम टू सेम पाहिजे, आणि दोन्ही ४८ तासांच्या आत पोचले पाहिजेत, तरच मेटाला, म्हणजे फेसबुकच्या कंपनीला, कळतं की ही एकच ऑर्डर आहे. आयडी म्हणून सरळ ऑर्डर नंबर टाका. बऱ्याच जणांकडे ब्राउझर स्वतःचा एक रँडम आयडी बनवतो, सर्व्हर दुसराच बनवतो, मग कसं जुळणार?

तिसरं कारण थँक यू पेज, म्हणजे ऑर्डर झाल्यावर उघडणारं पान. गिऱ्हाईक ऑर्डर नंबर बघायला ते पान परत उघडतं, रिफ्रेश करतं, आणि दर वेळी पर्चेस जातो. डेव्हलपरला सांगा की एका ऑर्डरला कोड एकदाच चालला पाहिजे. हे सगळं दुरुस्त केलं तरी जुने आकडे मागे जाऊन सुधारत नाहीत, म्हणून दुरुस्तीची तारीख वहीत लिहून ठेवा आणि तुलना तिथून पुढेच करा. जाहिरात तोवर चालू राहू दे, बजेट मात्र वाढवू नका.

प्रश्न: आमचं उलटं आहे. पैठण्या विकतो, ऑर्डरी येतात पण पिक्सेलला निम्म्याच दिसतात.
– एक वाचक, येवला

उत्तर: यूपीआय हो, दुसरं काय! गिऱ्हाईक पैसे द्यायला पेमेंट ॲपमध्ये जातं, तिथे हिरवी टिक दिसली की काम झालं, फोन खिशात. तुमच्या साईटवर परत येतच नाही, थँक यू पेज उघडत नाही, मग पिक्सेलला काय स्वप्न पडणार? पेमेंट झाल्याचं गेटवे (साईटसाठी पैसे घेणारी सेवा) तुमच्या सर्व्हरला कळवतंच, तेव्हाच सर्व्हरवरून पर्चेस पाठवायचा. वर साताऱ्याच्या ताईंना सांगितलं ते आयडीचं तुम्हालाही लागू.

शिवाय ॲड ब्लॉकर आहेत, आणि आयफोनवर एप्रिल २०२१ मधल्या आयओएस १४.५ पासून ॲपला ट्रॅकिंगची परवानगी विचारावी लागते, लोक नाही म्हणतात. अजून एक, अॅड्स मॅनेजर नेहमीच्या सेटिंगला क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात बघितली असेल तर १ दिवस एवढंच मोजतो. पैठणी काय ७ दिवसांत ठरते का? बहिणीला फोटो जातो, सासूबाईंना जातो, मुहूर्त निघतो, मग ऑर्डर. ती ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात दिसणारच नाही, तो काही बिघाड नाही.

प्रश्न: माझा आरओएएस (जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री) ३२० आलाय!! एजन्सीचं काम सोडून हेच करू का?
– साबणवाली, रत्नागिरी

उत्तर: पार्टी द्यायच्या आधी एका ऑर्डरची व्हॅल्यू बघा. बरीच पेमेंट गेटवे रक्कम पैशांत देतात, ५४० रुपयांची ऑर्डर तिथे ५४००० असते, आणि तोच आकडा कुणीतरी उचलून करन्सी आयएनआर लावून पिक्सेलला दिलाय. शंभराने भागा, ३.२ येतो. वाईट नाहीये तो पण.

प्रश्न: पिक्सेल जुन्या एजन्सीने बनवला होता, आता ते फोन उचलत नाहीत.
– त्रस्त, पुणे

उत्तर: त्यांच्या बिझनेस अकाऊंटमध्ये बनलाय म्हणजे मालकी त्यांची. शेवटचा एक मेसेज करून पार्टनर म्हणून ॲक्सेस मागून बघा, पण त्यावर अडून बसू नका. आजच स्वतःच्या अकाऊंटमध्ये नवीन पिक्सेल करा आणि साईटवर लावा. जुना लगेच उपटू नका, चालू जाहिराती त्याच्यावरच शिकतायत. दोन्ही काही आठवडे शेजारी शेजारी चालू द्या, वेगवेगळे पिक्सेल असल्याने मोजणी डबल होत नाही. नव्याकडे पुरेसे पर्चेस जमले की नव्या जाहिराती त्याच्यावर घ्या. लर्निंग फेजमधून (जाहिरात कुणाला दाखवायची हे सिस्टीम शिकते तो काळ) बाहेर यायला एका अॅड सेटला आठवड्याला साधारण ५० कन्व्हर्जन (इथे पर्चेस) लागतात, तेवढे पर्चेस होत नसतील तर तूर्तास ॲड टू कार्टवर, म्हणजे वस्तू कार्टमध्ये टाकण्यावर, जाहिरात चालवा. जुन्या ऑडियन्स (जाहिरात दाखवायच्या लोकांचे गट) मात्र गेल्या, गिऱ्हाइकांची यादी तुमच्याकडे असेल तर त्यातून नवीन बनवता येतील.